बिघडलेला फोटो

आमच्या खांब गावी घरामागे सोनचाफा होता. मुलांच्या आईने हाताने लावलेला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. त्यात झाड मुळासकट पडले. मागे राहिला मोबाईलवर काढलेला एका फुलाचा फोटो. तोही बिघडलेला! फूल काळोखात, कडेला दोरीवरचे माझे धोतर, आणि एक पाकळी उन्हाने पांढरी फटक.

नातीने काय केले पाहा. आधी फोटोची नक्कल काढली. मूळ फोटोला हात लावायचा नाही. हे शहाणपण पुष्कळांना सुचत नाही. मग कड कापली. धोतर गेले. मग सावलीचा भाग उजळला, तशा दडलेल्या पाकळ्या दिसू लागल्या. काळोखातही थोडा रंग टिपलेला असतो, तो वर काढता येतो. पण पांढऱ्या फटक जागी मोबाईलने काहीच टिपलेले नसते. ती पाकळी कितीही गडद केली तरी नुसती राखाडी होई.

"आता गं?" मी विचारले.

तिने दुसऱ्या फुलाची पाकळी तिथे बसवली. मोबाईलात तेही होते. दिसायला झकास! आजीने चष्मा लावून पाहिले. म्हणाली, "ही आपल्या झाडाची नाय."

नातीने ती पाकळी काढली. मग फोटोतले रंगच काढून टाकले, फोटो काळा-पांढरा केला. आता ती पाकळी डागासारखी दिसेना. चांदणे पडल्यासारखी दिसू लागली.

तो फोटो रोह्याहून छापून आणला. देव्हाऱ्याशेजारी लावला आहे.