गणितातील उदाहरण आणि त्याच्या पायऱ्या

गृहपाठाच्या वह्या तपासताना एक प्रकार वारंवार आढळतो. उदाहरण उतरून घेतलेले असते, त्याखाली एक समीकरण आणि लगेच उत्तर. उत्तर बरोबर असते, कारण ते पुस्तकाच्या अखेरीस छापलेले असते. शिक्षक बरोबरची खूण करतात. परंतु विद्यार्थी कोठे अडखळला हे त्या वहीवरून कळण्यास मार्ग राहत नाही, आणि जो अडखळला तो तेथेच राहतो.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (इ. स. 1150) भुंग्यांचे उदाहरण या दृष्टीने वर्गात अवश्य घ्यावे. थव्यातील पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलांवर गेला. या दोन भागांतील अंतराच्या तिप्पट भुंगे कुड्यावर गेले. एक भुंगा तेवढा केतकी व मालती यांच्या सुगंधात घोटाळत राहिला. तर एकूण भुंगे किती?

प्रथम ‘एकूण भुंगे क्ष मानू’ हे वाक्य फळ्यावर लिहावे. ते गाळू नये. मग प्रत्येक वाक्यासमोर त्याची राशी मांडावी. कदंबावर क्ष/5, शिलींध्रावर क्ष/3. अंतर क्ष/3 − क्ष/5 = 2क्ष/15; त्याची तिप्पट 6क्ष/15. गेलेल्या भुंग्यांची बेरीज 3क्ष/15 + 5क्ष/15 + 6क्ष/15 = 14क्ष/15. उरलेला क्ष/15 हाच तो एक भुंगा; म्हणून क्ष = 15. ताळा: 3 + 5 + 6 + 1 = 15.

काही मुले ‘तिसरा भाग’ हा उरलेल्या भुंग्यांचा समजतात. त्यांच्या राशी क्ष/5, 4क्ष/15 व 3क्ष/15 अशा होऊन उत्तर 3 येते. आकडेमोडीत चूक नसते. चूक वाचनात असते. अशा वेळी तांबडी फुली मारण्यापूर्वी त्या मुलास 3 भुंग्यांचा पाचवा भाग कदंबावर बसविण्यास सांगावे. अर्ध्याहून थोडा अधिक भुंगा पाहून वर्ग हसेल, ते मूलही हसेल आणि उदाहरण पुन्हा वाचील.

ज्या वर्गास ‘क्ष’ अद्याप परका आहे, तेथे लीलावतीतीलच इष्टकर्माची रीत घ्यावी. भुंगे 30 मानले, तर 6, 10 व 12 जाऊन 2 उरतात. उरावयाचा आहे 1; म्हणून 30 ची निमपट, 15.

संभाव्यता वरच्या वर्गांत येते. तेथे गळणारी पायरी निराळी असते. नाणे दोनदा उडविल्यास निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? फ्रेंच गणिती दालांबेर याने 1754 साली विश्वकोशातील आपल्या लेखात असा विचार मांडला की, पहिल्याच वेळी छापा पडला तर खेळ संपला, म्हणून शक्यता तीनच: छापा, काटा व मग छापा, दोन्ही काटे. त्यावरून 2/3. एवढा मोठा गणिती येथे चुकला, हे वर्गास जरूर सांगावे. चुकणाऱ्या मुलाचा संकोच त्याने कमी होतो. या तीन शक्यता सारख्या वजनाच्या नाहीत. पहिल्या छाप्यानंतरही दुसरी फेक मनाने पुरी करून सर्व जोड्या लिहाव्यात: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. चारांपैकी तीन अनुकूल, उत्तर 3/4.

यादी पटली नाही, तर नाणे उडवून पाहावे. मात्र 40 जोड्यांनी निर्णय होणार नाही; 3/4 प्रमाणे सुमारे 30 आणि 2/3 प्रमाणे सुमारे 27 जोड्यांत छापा अपेक्षित असल्याने फरक योगायोगात बुडून जातो. दररोज 40 याप्रमाणे दहा दिवस नोंद ठेवावी. 400 जोड्यांत अपेक्षा अनुक्रमे 300 व 267 अशी दूर जाते. नोंदीचा तक्ता भिंतीवर लावून रोजच्या रेघा मुलांकडूनच ओढवून घ्याव्यात, आणि दहावा दिवस उजाडेपर्यंत उत्तर सांगू नये.