मिथाईल अल्कोहोल : दिसायला पाणी, परिणाम अंधत्व

कोणत्याही कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत मांडणीवर दोन बाटल्या शेजारी शेजारी दिसतात. दोन्हींत पाण्यासारखा स्वच्छ द्रव. दोन्हींचा वास जवळजवळ सारखा. दोन्ही पाण्यात सहज मिसळतात, हातावर पडले की गार लागून उडून जातात. एक असते इथाईल अल्कोहोल, म्हणजे दारूतला मुख्य घटक. दुसरे मिथाईल अल्कोहोल, म्हणजेच मिथेनॉल. लेबले काढून टाकली तर नुसत्या वासावरून कोणते कुठले हे प्राध्यापकांनाही खात्रीने सांगता येणार नाही. या सारखेपणापायीच आजवर शेकडो माणसे दगावली आहेत आणि कित्येकांचे डोळे गेले आहेत.

पूर्वी लाकूड बंद भांड्यात तापवून, निघालेली वाफ थंड करून मिथेनॉल मिळवीत. म्हणून त्याला 'लाकडाचे स्पिरिट' असेही म्हणत. आता ते मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळशापासून कारखान्यात बनते. ते ६४.७ अंश सेल्सिअसला उकळते, इथाईल अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास. ते झटकन पेट घेते, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. आग लागली आहे हे चटका बसल्यावरच कळते!

एवढे असूनही हे द्रव्य अतिशय उपयोगी आहे. प्लायवुड चिकटविणाऱ्या रेझिनसाठी लागणारे फॉर्माल्डिहाइड त्यापासूनच तयार होते. रंग, वार्निश, थिनर, काही औषधांचे उत्पादन, अशा अनेक ठिकाणी ते वापरतात. आम्हा डॉक्टर मंडळींचे तर त्याच्यावाचून पान हलत नाही. तापाच्या रुग्णाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन आम्ही काचपट्टीवर पसरतो आणि त्यात मलेरियाचे जंतू शोधतो. त्यासाठी वापरला जाणारा लिशमन रंग मिथेनॉलमध्येच विरघळवलेला असतो. मिथेनॉलमुळे रक्तपेशी काचेवर घट्ट बसतात, मग रंग चढतो. मात्र बाटलीचे बूच सैल राहिले तर ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि तांबड्या पेशींवर नसते डाग दिसू लागतात. पावसाळ्यात हा त्रास मी दरवर्षी पाहतो.

आता मुख्य मुद्दा. मिथेनॉल स्वतः फार मोठे विष नाही, विष तयार होते ते आपल्या यकृतात. दारू पचविणारे विकर (एन्झाइम) मिथेनॉलवरही काम करते. आधी त्याचे फॉर्माल्डिहाइड होते आणि पुढे फॉर्मिक आम्ल. मुंगी चावल्यावर आग होते ती ज्या आम्लामुळे, तेच हे. हे आम्ल पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. ऑक्सिजनची सर्वांत जास्त गरज असलेल्या भागांना याचा फटका आधी बसतो, आणि त्यांत दृष्टीची नस अग्रभागी. अवघ्या दोन चमचे, म्हणजे सुमारे १० मिलिलिटर शुद्ध मिथेनॉलनेही माणसाला कायमचे अंधत्व येऊ शकते. मृत्यू ओढवायलाही फार मोठी मात्रा लागत नाही.

दगा देणारी गोष्ट म्हणजे वेळ. प्यायल्यावर सुरुवातीला साध्या दारूसारखी किंचित झिंग येते, मग काहीच होत नाही. साधारण १२ ते २४ तास असे जातात. बरोबर खरी दारूही प्यालेली असेल तर त्याहूनही उशीर लागतो. माणूस झोपतो, उठतो, कामावरही जातो. मग डोके दुखणे, मळमळ, ओकाऱ्या, पोटात कळा सुरू होतात. घरचे म्हणतात, रात्रीची उतरली नाही, ताक पाजा, लिंबू द्या. दुपारपर्यंत समोर धुके दाटल्यासारखे, पांढरे कण पडताहेत असे दिसू लागते आणि धाप लागते. तोवर बहुमोल तास निघून गेलेले असतात.

अनेकांचा समज असा की हातभट्टीत दारू बिघडली की मिथेनॉल बनते. गूळ किंवा मळी आंबवून मिथेनॉल नगण्यच तयार होते. मोठ्या दुर्घटना घडतात त्या कारखान्यातले मिथेनॉल बाजारात वळवून दारूत मिसळल्यामुळे. २००४ साली विक्रोळीत ८० हून अधिक, जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत १०० हून अधिक आणि जून २०२४ मध्ये तमिळनाडूतील कल्लाकुरिचीत ६० हून अधिक लोक अशा विषारी दारूने गेले. बहुतेक सगळे रोजंदारीवर पोट भरणारे. 'पेटवून पाहा, निळी ज्योत आली तर चांगली' हे ज्ञान तर कृपया कोणी कोणाला देऊ नये. मिथेनॉलही निळेच जळते!

न पिणाऱ्यांनीही सावध राहावे. पातळ थिनर, स्टोव्ह पेटवायचे स्पिरिट सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय घरोघरी आहे. लहान मूल ते पाणी समजून तोंडाला लावते. २०२० च्या साथीच्या काळात काही देशांत मिथेनॉलयुक्त सॅनिटायझर सापडले होते. हे द्रव्य कातडीतून आणि श्वासावाटेही शरीरात जाते. त्यामुळे बंद खोलीत त्याने फरशी किंवा यंत्रे पुसू नयेत.

शंका आली तर लक्षणांची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि थेट जिल्हा रुग्णालय गाठा. घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याच्या भानगडीत पडू नका. काय प्याले, किती वाजता, बरोबर आणखी कोण होते, हे सगळे खरे सांगा. पोलिसांच्या भीतीने माणसे हेच लपवतात आणि डॉक्टर पोटदुखीवर औषध देत बसतात. बरोबर प्यालेले बाकीचे ठणठणीत दिसत असले तरी त्यांनाही आणा. रुग्णालयात फोमेपिझोल किंवा ते नसल्यास मोजून इथाईल अल्कोहोल देतात. यकृतातले विकर मग त्याच्या मागे लागते आणि मिथेनॉल तसेच पडून राहते. हे ऐकून घरी उतारा म्हणून आणखी एक बाटली फोडू नये. रक्तातली आम्लता सोडा-बायकार्बने कमी करतात आणि डायलिसिसने विष बाहेर काढतात. पहिल्या काही तासांत हे झाले, तर जीव आणि डोळे दोन्ही वाचण्याची आशा चांगली असते.