सही करण्याआधी

बाळा, नव्या नोकरीचा फोन आला, आनंद झाला. आता पेढे आणायच्या आधी जरा इथे बस.

१. सीटीसी ऐकून हुरळू नकोस, ‘हातात किती?’ ते विचार — १२ लाखांत बेसिक निम्मा असेल, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ ७२,००० आणि ग्रॅच्युइटीचे जवळपास २९,००० बहुतेकदा त्यातच धरलेले असतात. त्यात व्हेरिएबल दहा टक्के असला, की महिन्याला ८१,५०० च्या आसपास उरतात, आणि त्यातूनही तुझा पीएफ, व्यवसाय कर आणि लागत असेल तर आयकर जायचाच आहे.

२. म्हणून सॅलरी ब्रेकअप लेखी माग, आणि गेल्या वर्षी व्हेरिएबल खरोखर किती टक्के दिला तेही विचार — कागदावरचा बोनस किराणावाला घेत नाही.

३. ‘एक्स्पेक्टेड किती?’ म्हटलं, की आधी या पदाचं बजेट विचार. पण जुना पगार फुगवून सांगू नकोस — शेवटच्या तीन सॅलरी स्लिपा मागतातच.

४. आकडा सांगितलास, की गप्प राहा — ‘थोडं कमी असलं तरी चालेल’ हे समोरच्याने मागितलेलं नसतं, तुझंच तोंड देऊन बसतं.

५. त्याच कामातल्या मित्रमैत्रिणींना पगार विचार, आपलाही सांग. मुलींना तर आवर्जून सांग. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम केला, की उमेदवाराला पगाराचा पल्ला आधी कळवायचा आणि जुना पगार विचारायचा नाही; आपल्याकडे तसा कायदा नाही, तोवर आपणच एकमेकांचे — मूठ झाकली तर सव्वा लाखाची, पगार झाकला तर कंपनीच्या फायद्याचा.

६. ऑफर लेटर हाती येईपर्यंत राजीनामा नाही — फोनवरचा शब्द माणसाबरोबर बदली होऊन जातो.

७. नोटीस नव्वद दिवसांची असेल, तर उरलेल्या दिवसांचे पैसे (बायआउट) कोण भरणार ते आधीच ठरव. जॉइनिंग बोनसखालची बारीक ओळही वाच — वर्षाच्या आत सोडलं तर तो बहुधा परत मागतात.

८. कायम नोकरीत पाच वर्षं भरायला थोडेच महिने उरले असतील, तर जॉइनिंगची तारीख पुढे माग — ग्रॅच्युइटीचा हक्क तिथे लागतो.

९. पीएफ काढू नकोस, नव्या खात्यात वळव. आणि एप्रिलपासूनचा जुना पगार नव्या कंपनीला कळव — नाहीतर दोन्ही कंपन्या कर कमी कापतात, आणि रिटर्न भरताना एकदम भरावा लागतो.