हजेरीकडून आकलनाकडे

हिरण्यकेशी नदी आंबोलीच्या परिसरात उगम पावते आणि आजरा व गडहिंग्लज तालुक्यांतून वाहत पुढे कर्नाटकात घटप्रभेस मिळते. या नदीप्रमाणेच तिच्या काठची भाषाही राज्याची सीमा मानीत नाही. गडहिंग्लजच्या पूर्वेकडील गावांत अनेक घरांतून कन्नड बोलली जाते, बाजारात दोन्ही भाषांतून व्यवहार होतात आणि ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांच्या बोलीची त्यांत भर पडते. या सर्व घरांतील मुले सकाळी एकाच प्राथमिक शाळेच्या अंगणात प्रार्थनेला उभी राहतात. त्यांना शाळेपर्यंत आणण्याचे कार्य मागील पिढ्यांनी केले. शाळेत आलेले मूल खरोखर शिकते काय, हा प्रश्न मात्र आपल्या पिढीपुढे उभा आहे.

मुलांना शाळेत आणण्याच्या कार्यात या भूमीचा वाटा मोठा आहे. गडहिंग्लज ज्या कोल्हापूर संस्थानात होते, त्या संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड करण्याची तरतूद त्यात होती. त्या काळी एक रुपया ही लहान रक्कम नव्हती. पुढे २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराच्या कायद्याने हीच जबाबदारी सर्व देशात शासनावर टाकली. तथापि दंडाने वा कायद्याने मूल बाकापर्यंत येते. बाकावर बसल्यानंतर त्याचे मन पाठात गुंतविणे हे काम केवळ शिक्षकच करू शकतो.

मौन बसलेले मूल

कोणताही वर्ग डोळ्यांसमोर आणावा. शिक्षक प्रश्न विचारतात, पुढील रांगेतील चारपाच हात वर होतात, त्यांतील एकजण अचूक उत्तर देतो आणि पाठ पुढे सरकतो. उत्तर बरोबर आल्यामुळे वर्गास समजले अशी शिक्षकांची प्रामाणिक समजूत होते. मागील भिंतीशी बसलेल्या मुलाने मात्र सकाळपासून एकही शब्द उच्चारलेला नसतो. ते खोडकर नसते, गैरहजर नसते, त्याची वही स्वच्छ असते. फळ्यावरील मजकूर त्याने सुरेख अक्षरात उतरवून घेतलेला असतो. परंतु तोच मजकूर वाचून दाखव म्हटले, तर ते खाली पाहते.

अशी मुले थोडी नाहीत. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीत २०२२ साली असे दिसून आले, की देशाच्या ग्रामीण भागात तिसरीच्या पाच मुलांपैकी जेमतेम एकालाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत होता. कोरोनाच्या साथीत शाळा बंद राहिल्याने ही स्थिती अधिक बिकट झाली होती, आणि त्यानंतर तीत सुधारणाही झाली. परंतु हा प्रश्न साथीपूर्वीही होता. तिसरीत जे मूल वाचू शकत नाही, त्याला चौथीचा भूगोल आणि पाचवीचे विज्ञान केवळ कानाने ऐकावे लागते. दरवर्षी ते थोडे अधिक मागे पडते आणि अखेरीस शाळा सोडते. तेव्हा आपण गळतीची कारणे शोधू लागतो.

मौन बसलेल्या मुलास पाठात आणण्याच्या काही पद्धती अनुभवाने व संशोधनाने सिद्ध झाल्या आहेत. त्यांस मोठा खर्च लागत नाही. त्यांचा येथे क्रमाने विचार करू.

घरची भाषा वर्गात यावी

सहा वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा ते रिकाम्या हाताने येत नाही. घरच्या भाषेतील हजारो शब्द, नाती, मोजमापे आणि गोष्टी त्याच्याजवळ असतात. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलास पहिल्याच दिवशी प्रमाण मराठीत सूचना मिळू लागल्या, तर ही सारी पुंजी त्याला दाराबाहेर ठेवावी लागते. पाण्याला 'नीरु' आणि घराला 'मने' म्हणणारे मूल मंदबुद्धी नसते. त्याच्याजवळ शब्द आहे, फक्त तो पुस्तकातील नाही.

शिक्षकास कन्नड येत नसले तरी मार्ग निघतो. फळ्यावर पुस्तकातील शब्दाशेजारी मुलांच्या घरचा शब्द देवनागरीत लिहावा. दोन्ही भाषा जाणणाऱ्या वर्गमित्रास दुभाष्याचे काम द्यावे. दोन्ही भाषांना समान असलेल्या शब्दांपासून आरंभ करावा. अक्का, अण्णा हे शब्द दोन्हीकडील मुलांना ठाऊक असतात, आणि मराठी 'तूप' व कन्नड 'तुप्पा' यांत फारसे अंतर नाही. घरच्या शब्दास मान मिळाला, की मूल बोलण्याचे धाडस करते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषा वा घरची भाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे, असे म्हटले आहे. जेथे माध्यम बदलणे शक्य नाही, तेथे निदान घरच्या भाषेचा पूल तरी बांधता येतो.

प्रश्नानंतरची उसंत

अमेरिकेतील संशोधिका मेरी बड रो यांनी १९७० च्या सुमारास विज्ञानाच्या अनेक तासांचे ध्वनिमुद्रण करून एक साधी गोष्ट तपासली. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतात? सरासरी काळ सुमारे एक सेकंद भरला. तेवढ्या वेळात उत्तर न आल्यास शिक्षक प्रश्न पुन्हा विचारीत, दुसऱ्या मुलाकडे वळत किंवा स्वतःच उत्तर देत. हीच उसंत तीन सेकंदांपर्यंत वाढविली, तेव्हा मुलांची उत्तरे दीर्घ व सकारण झाली, निरुत्तर राहणाऱ्यांची संख्या घटली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली.

आपल्याकडे या निष्कर्षाचे महत्त्व अधिकच आहे. ज्या मुलास मराठी प्रश्न मनात कन्नडमध्ये फिरवून पाहावा लागतो, त्याला एका सेकंदात उत्तर देणे अशक्यच असते. शिक्षकांनी प्रश्न विचारावा, मनात पाच अंक मोजावेत आणि मगच नाव घ्यावे. आधी नाव घेऊन मग प्रश्न विचारला, तर उरलेला वर्ग विचार करण्याच्या जबाबदारीतून मुक्त होतो.

पाटीचा नवा उपयोग

पाटी आता अनेक दप्तरांतून नाहीशी झाली आहे. परंतु सर्व मुलांकडून एकाच वेळी उत्तर मिळविण्यास तिच्यासारखे स्वस्त साधन नाही. समजा, ५२ मधून २७ वजा करावयास सांगितले. प्रत्येक मुलाने पाटीवर उत्तर लिहावे आणि खूण होताच सर्वांनी पाट्या एकदम वर धराव्यात. शिक्षकांना क्षणात सर्व वर्ग दिसतो. काहींनी २५ लिहिलेले असते, तर काहींनी ३५. ज्यांनी ३५ लिहिले त्यांनी एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधून २ वजा केलेले असतात. ही चूक निष्काळजीपणाची नसून दशक सुटा करण्याची कल्पना न समजल्याची आहे.

चूक कळली की उपाय सोपा होतो. शाळूच्या काड्यांचे दहादहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलासमोर ठेवाव्यात. सत्तावीस काड्या देण्यासाठी एक गठ्ठा सोडावाच लागतो, हे त्याला हातानेच समजते. वह्या घरी नेऊन तपासल्या असत्या, तर ही चूक दुसऱ्या दिवशी लाल शाईच्या फुलीच्या रूपाने मुलापुढे आली असती. पाटीमुळे ती त्याच तासाला दुरुस्त होते. एकसुरात म्हटलेल्या पाढ्यांच्या बाबतीत हे घडत नाही. पाठांतराचे मोल आहेच, परंतु सामूहिक आवाजात न येणाऱ्या मुलाचेही ओठ हलतात आणि त्याचे अज्ञान झाकले जाते.

पुस्तक मिटून आठवावे

परीक्षा जवळ आली की धडा पुनःपुन्हा वाचावा, हा आपला सर्वसाधारण सल्ला असतो. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एक उतारा दुसऱ्यांदा वाचला आणि दुसरा उतारा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचलेला उतारा अधिक आठवत होता. आठवड्यानंतर मात्र त्याचा सरासरी ४२ टक्के भाग आठवला, तर आठवून लिहिलेल्या उताऱ्याचा ५६ टक्के.

हे तत्त्व प्राथमिक वर्गातही सहज आणता येते. दिवसाची पहिली पाच मिनिटे पुस्तके मिटलेली असावीत. कालच्या पाठावर एक, मागील आठवड्यावर एक आणि मागील महिन्यावर एक असे तीन प्रश्न विचारावेत व उत्तरे पाटीवर घ्यावीत. यास गुण देऊ नयेत. गुणांची भीती आली की मुले शेजाऱ्याची पाटी पाहू लागतात आणि शिक्षकांना हवी असलेली माहितीच हरवते.

इयत्ता एक, पातळ्या अनेक

लहान शाळांतून दोन शिक्षकांकडे चार वा पाच इयत्ता असतात, आणि एकाच इयत्तेतही अक्षरओळख नसलेले मूल व गोष्टीचे पुस्तक वाचणारे मूल शेजारी बसते. हंगामात ऊसतोड कामगारांची मुले मध्येच दाखल होतात. कायद्याने त्यांना वर्षात केव्हाही प्रवेश द्यावाच लागतो आणि तो योग्यच आहे. अशा वर्गात सर्वांना एकच पान उघडावयास सांगणे म्हणजे निम्म्या वर्गाचा तास वाया घालविणे होय.

या प्रश्नाचा मूलगामी विचार करणारे शिक्षणतज्ज्ञ शेजारच्या आजरा तालुक्यातीलच होते. जे. पी. नाईक यांचा जन्म १९०७ साली बहिरेवाडी येथे झाला. गारगोटीच्या श्री मौनी विद्यापीठाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता, आणि १९६४ ते १९६६ या काळातील शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. एकाच वयात प्रवेश, दरवर्षी एक पायरी आणि पूर्णवेळ शाळा ही चौकट ग्रामीण गरीब मुलांना सोसत नाही, हे त्यांनी सातत्याने मांडले. निरनिराळ्या वयात प्रवेश आणि अंशकालीन शिक्षण यांचा त्यांनी पुरस्कार केला.

चौकट बदलणे एका शिक्षकाच्या हाती नसते. तासाची रचना मात्र असते. रोज एक तास मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार बसवावे. अक्षरे, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पातळ्या पुरेशा आहेत. 'प्रथम'ने हीच पद्धत अनेक राज्यांत राबविली आहे. गट कायमचे नसावेत. दर काही आठवड्यांनी तपासणी करून मुलास पुढील गटात न्यावे. मागच्या गटास कोणी 'ढ' म्हणणार नाही, याची दक्षता शिक्षकांनी घ्यावयास हवी.

परिसर हे साधन

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे १९४५ साली ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या आदिवासी वस्तीत नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात जावी, या विचारातून अंगणवाडी आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा आली. बिया, शिंपले, पाने ही त्यांची शैक्षणिक साधने होती. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली 'सृजन आनंद विद्यालय' सुरू करून परिसर, अनुभव आणि मुलांचे स्वतःचे लेखन यांवर शिक्षण उभे केले.

गडहिंग्लजच्या मुलांसाठी असे साधन दारातच आहे. गुऱ्हाळातील गुळाच्या रव्यांचे वजन, मिरचीचा बाजारभाव, नदीच्या पाण्याची वर्षभरातील पातळी यांतून गणित, भाषा आणि भूगोल एकत्र शिकविता येतात. मात्र येथे एक सावधानता आवश्यक आहे. भिंती रंगल्या, तक्ते टांगले आणि मुले वर्तुळात बसली, म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे. गुऱ्हाळ पाहून आलेल्या मुलाने वजनाचे उदाहरण स्वतः मांडले काय, चार वाक्ये स्वतः लिहिली काय, हे पाहावे लागते.

अधिकारी व पंचायत यांचे कर्तव्य

या पद्धतींना वेळ लागतो. पाच अंक मोजणाऱ्या आणि चूक दुरुस्त करण्यासाठी थांबणाऱ्या शिक्षकांचा अभ्यासक्रम काही दिवस मागे पडेल. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी केवळ किती धडे झाले एवढेच विचारले, तर शिक्षक थांबणार नाहीत. म्हणून अधिकाऱ्यांनी वर्गात अर्धा तास शांत बसावे, कितीजण बोलले व कोण बोलले नाही याची नोंद घ्यावी आणि त्याविषयी शिक्षकांशी सहकाऱ्याच्या नात्याने बोलावे. शिक्षकांवरील अन्य कामांचा भार हलका करण्याची जबाबदारीही त्यांनी घ्यावी.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश सदस्य पालक व निम्म्या सदस्य महिला असतात. समितीच्या बैठकांत छप्पर, कुंपण व पोषण आहार यांची चर्चा होते, आणि ती व्हावयासच हवी. तिच्या जोडीस एक प्रश्न दर महिन्यास घ्यावा: आपल्या शाळेतील किती मुले गोष्ट वाचू शकतात आणि मागील महिन्यात किती वाचू शकत होती? हा प्रश्न शिक्षकांवर आरोप म्हणून विचारू नये. ज्या घरात मुलास वाचून दाखविणारे कोणी नाही, त्यासाठी गावातील शिकलेला तरुण संध्याकाळी तासभर देऊ शकेल काय, हे त्यातून ठरावे.

शाहू महाराजांच्या काळी हजेरीपटावर नाव येणे हाच गरिबाच्या मुलाचा विजय होता. आज जवळजवळ प्रत्येक मुलाचे नाव पटावर आहे. भिंतीशी बसलेल्या त्या मुलाने एक दिवस पाटी वर धरावी, उत्तर चुकलेले असले तरी निर्भयपणे धरावी, आणि त्या चुकीपाशी त्याच्या गुरुजींनी वा बाईंनी क्षणभर थांबावे. तेवढे घडले, तर त्या मुलाची हजेरी खऱ्या अर्थाने लागली असे म्हणता येईल.