पालेभाजी आणि अल्पपिष्ट आहार

मनुष्यानें काय खावें याविषयीं जितकीं मतें आहेत तितकीं दुसऱ्या विषयावर क्वचितच असतील. हल्लीं मधुमेहामुळें, किंवा अंगावरील मेद झडावा म्हणून, पुष्कळ लोक भात, भाकरी, पोळी, बटाटा व साखर यांस फांटा देतात. पिष्ट व साखर यांस शास्त्रांत कर्बोदकें म्हणतात आणि तीं कमी करणें हाच या आहाराचा हेतु होय. येथपर्यंत ठीक. परंतु त्यांपैकीं कांहींजण आणखी पुढें जाऊन मेथी, पालक, माठ, चाकवत याहि भाज्या ताटांतून काढून टाकूं लागतात. कां, तर वनस्पति म्हटली कीं कर्बोदक आलेंच. या शंकेंत तथ्य किती, हें आम्ही येथें पाहणार आहों.

शंका अगदींच पोरकट नाहीं. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग केलाच असेल : उन्हांतील झाडाचें पान पाण्यांत उकळावें, गरम पाण्याच्या भांड्यांत ठेविलेल्या मद्यार्कांत त्याचा हिरवा रंग उतरवावा (मद्यार्क उघड्या ज्योतीवर कधींहि धरूं नये), मग पान धुऊन त्यावर आयोडिनचे थेंब टाकावे. पान काळसर निळें होतें व तीच पिष्टाची खूण. युलियस सॅक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें १८६० नंतरच्या दशकांत दाखविलें कीं, हें पिष्ट प्रकाशांतील पानांतच तयार होतें. मग ज्या पानांत पिष्ट जन्मास येतें, तेंच पान पिष्ट टाळणाऱ्यानें खावें कसें?

उत्तर त्याच प्रयोगाच्या उत्तरार्धांत आहे. झाड एक-दोन दिवस अंधारांत ठेवून पान तपासलें तर रंग येत नाहीं. दिवसा सांठलेलें पिष्ट रात्रीं विरघळतें, साखरेच्या रूपानें देंठांतून बाहेर पडतें, आणि बटाट्यांत, रताळ्यांत, ज्वारीच्या कणसांत जाऊन बसतें. पान तें करतें. सांठवितात कंद आणि दाणे. म्हणूनच १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठांत ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदक सांपडतें, तर १०० ग्रॅम ताज्या पालकांत सुमारें ९१ ग्रॅम पाणीच असतें व कर्बोदक साडेतीन ग्रॅमच्या आसपास.

या साडेतीनांतहि दोन ग्रॅमांहून अधिक निवळ चोथा असतो. चोथ्यांतील सेल्युलोज ही वस्तुतः ग्लुकोजच्या कणांचीच माळ. परंतु तिचे दुवे अशा रीतीनें जोडलेले असतात कीं मनुष्याच्या पाचकरसांस ते तोडतां येत नाहींत. (गाईस तोडतां येतात असें आपण म्हणतों, पण तें काम तिच्या पोटांतील सूक्ष्म जंतूंचें आहे.) आपल्या मोठ्या आंतड्यांतील जंतु थोडा चोथा आंबवितात खरे, त्यापासून सौम्य अम्लें निर्माण होतात, रक्तांत साखर चढत नाहीं. अमेरिकेंत खाद्याच्या वेष्टनावर चोथा एकूण कर्बोदकांतच धरतात, युरोपांत तो निराळा दाखवितात. नुसता आंकडा पाहून घाबरणाऱ्यांचा पुष्कळसा घोंटाळा यांतूनच होतो.

जुन्या वैद्यांस हें ठाऊक होतें. विल्यम बँटिंग या लंडनच्या गृहस्थानें १८६३ सालीं आपल्या लठ्ठपणावरील उपायाची पुस्तिका छापली. पाव, साखर, बिअर व बटाटे त्यानें सोडले होते, पण बटाट्यावांचून इतर भाजीस मोकळीक होती. १९२१ सालीं इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वीं मधुमेह्यांस जवळजवळ उपाशीं ठेवण्याचाच उपचार होता. बोस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन भाज्यांची कर्बोदकाच्या प्रमाणानें वर्गवारी करीत; पालक व कोबी सर्वांत खालच्या, शेंकडा पांचाच्या वर्गांत असत. न्यूयॉर्कचे डॉ. फ्रेडरिक ॲलन यांच्या पद्धतींत भाज्या पाणी बदलून तीन वेळां उकळीत. उरलेला चोथा तेवढाच काय तो पोटास आधार! त्या मुलांची व त्यांच्या आयांची कल्पना केली म्हणजे अंगावर शहारा येतो.

भाजीवांचूनहि माणूस जगतो, असें कोणी म्हणेल. व्हिल्यालमुर स्टेफान्सन या ध्रुवप्रदेशाच्या प्रवाशानें १९२८ सालीं न्यूयॉर्क येथें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं केवळ मांस खाऊन वर्ष काढण्याचा प्रयोग केला व तो धडधाकट राहिला. परंतु त्या मांसांत काळीज, मेंदू व हाडांतील मगज हींहि होतीं. ज्यास हें खावयाचें नाहीं, किंवा जो मांसच शिवत नाहीं, त्यानें पालेभाजी सोडली तर ती उणीव कशानें भरावी?

ही उणीव कोणती तें मुंबईच्याच एका संशोधनावरून समजतें. लूसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ सालीं मुंबईस आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांस होणाऱ्या घातक पंडुरोगाचा त्यांनीं अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्कानें तो बरा होतो असें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १९४१ सालीं टेक्ससमधील शास्त्रज्ञांनीं चार टन पालकापासून एक द्रव्य काढलें व पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक ॲसिड हें नांव दिलें. विल्स यांचें गुणकारी द्रव्य ह्याच जातीचें होतें. तें पाण्यांत उतरतें. यास्तव भाजी उकडून पाणी ओतून देण्याची चाल आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

आतां आपल्या स्वयंपाकघराकडे वळूं. येथें पानांपेक्षां सोबत्यांकडेच लक्ष ठेविलें पाहिजे. अळूच्या फदफद्यांत हरभऱ्याची डाळ व गूळ, ताकांतल्या पालकांत डाळीचें पीठ, अळूवडींत तर पानापेक्षां बेसनच जड! पीठ पेरून केलेल्या मेथीस लोक पालेभाजी म्हणतात, पण हिशेब पिठाचा मांडावा. लसूण-मिरचीच्या फोडणीवर परतलेली भाजी मात्र निर्धास्त खावी. फोडणींतील तेलहि वायां जात नाहीं, कारण पानांतील कॅरोटिन व के जीवनसत्त्व हीं स्निग्ध पदार्थाबरोबरच अंगीं लागतात.

दोघां-तिघांस मात्र इशारा आहे. रक्त गोठूं नये म्हणून जे वॉरफरिन घेतात, त्यांनीं के जीवनसत्त्वामुळें पालेभाजी एकाएकीं वाढवूं नये, तशीच एकाएकीं सोडूंहि नये. ऑक्झॅलेटचे मुतखडे ज्यांस होतात त्यांनीं पालक बेतानें खावा. आणि इन्शुलिन घेणाऱ्यानें भाकरी-भात कमी करण्यापूर्वीं डॉक्टरांकडून औषधाचें प्रमाण ठरवून घ्यावें, नाहीं तर साखर भलतीच उतरून घेरी येण्याचा संभव असतो.