जठराची शस्त्रक्रिया आणि हाडांचे आरोग्य

जठरावरील शस्त्रक्रिया पार पडली, टाके निघाले, रुग्ण जेवू लागला, की घरातील सर्वांना हायसे वाटते. परंतु या शस्त्रक्रियेचा परिणाम पोटापुरता मर्यादित राहत नाही. त्याचा एक भाग कित्येक वर्षांनी कंबरदुखीच्या किंवा साध्या घसरण्याने मोडलेल्या हाडाच्या रूपाने पुढे येतो. आणि तोवर त्या जुन्या शस्त्रक्रियेची आठवण बहुधा कोणी काढत नाही.

व्हिएन्ना येथे १८८१ साली थिओडोर बिलरॉथ यांनी कर्करोगग्रस्त जठराचा भाग यशस्वीरीत्या काढला. पुढे अनेक दशके अल्सरसाठीही अशा शस्त्रक्रिया सर्रास होत. १९८२ मध्ये मार्शल व वॉरन यांना हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा शोध लागला आणि अल्सर औषधांनी बरा होऊ लागला. आज जठराची शस्त्रक्रिया मुख्यतः कर्करोग व अतिस्थूलता यांसाठी केली जाते.

हाडांचा येथे संबंध काय? अन्नातील कॅल्शियमचे क्षार विरघळण्यास जठरातील आम्लाची मदत होते. विरघळलेले कॅल्शियम शोषून घेण्याचे काम प्रामुख्याने लहान आतड्याचा आरंभीचा भाग, म्हणजे आद्यांत्र, करतो. त्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते. जठर काढले की आम्ल घटते. बायपास पद्धतीत तर अन्न आद्यांत्राला वळसा घालूनच पुढे जाते. स्निग्ध पदार्थांचे पचन बिघडल्यास त्यांत विरघळणारे ‘ड’ जीवनसत्त्वही वाया जाते. शिवाय रुग्णाचा आहार कमी झालेला असतो, काहींना दूधही सोसत नाही.

शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असते. आपल्या परिचयाच्या भाषेत सांगायचे, तर ही मुदत ठेव आणि रक्तातील अल्पसा अंश म्हणजे चालू खाते. स्नायू, मज्जातंतू व हृदय यांचे व्यवहार या चालू खात्यावर चालतात. म्हणून तेथील शिल्लक कमी होऊ लागताच मानेतील परावटू ग्रंथी आपले संप्रेरक वाढवतात आणि ठेव मोडून भरपाई करतात. त्यामुळेच रक्तातील कॅल्शियमचा अहवाल वर्षानुवर्षे ‘सामान्य’ येऊ शकतो. केवळ त्या एका आकड्यावर निर्धास्त राहणे म्हणजे ठेवीची पावती न पाहता पासबुकावर समाधान मानणे होय. खरी स्थिती ‘ड’ जीवनसत्त्व, परावटू संप्रेरक व अल्कलाइन फॉस्फटेज यांच्या तपासण्यांवरून, तसेच हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीवरून कळते. हाडे ठिसूळ होणे आणि क्षारांअभावी ती मऊ पडणे हे दोन वेगळे विकार असून एकाच रुग्णात दोन्ही असू शकतात. मांड्यांतील अशक्तपणा, बसल्या जागेवरून उठताना होणारा त्रास आणि हाडांतील ठणका ‘वयोमानाप्रमाणे’ म्हणून सोडून देऊ नये.

अतिस्थूलतेवरील बायपासनंतर आहार व गोळ्या मिळून दररोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जावे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. कॅल्शियम कार्बोनेट विरघळण्यास आम्ल लागते, सायट्रेटला त्याची फारशी गरज नसते. म्हणून अशा रुग्णांना सायट्रेट अधिक मानवते. औषधाच्या दुकानात ‘कॅल्शियमची गोळी द्या’ एवढे सांगून भागत नाही, ते यासाठी! एका वेळी सुमारे ५०० मिलिग्रॅमहून अधिक घेतल्यास शोषणाचे प्रमाण घटते, म्हणून मात्रा विभागून घ्यावी. लोहाची गोळीही या रुग्णांना बहुधा लागतेच. ती व कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर असावे. ‘ड’ जीवनसत्त्वाची मात्रा मात्र तपासणी पाहून डॉक्टरांनीच ठरवावी. आहारात नाचणीला अवश्य स्थान द्यावे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दूध न सोसणाऱ्यांपैकी अनेकांना दही वा ताक चालते.

अल्सरसाठी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेले अनेक जण आज ज्येष्ठ नागरिक आहेत. कंबरदुखीसाठी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाताना पोटावरील तो जुना व्रण त्यांना आवर्जून दाखवावा आणि शस्त्रक्रियेचे कागद जपले असतील, तर तेही सोबत न्यावेत.