रोगट पानाचे छायाचित्र : आधी कातरणी, मग आकारबदल

पिकावरील रोगाची ओळख छायाचित्रावरून पटवावयाची असल्यास लक्षणे स्पष्ट दिसणे अगत्याचे असते. समजा, मूळ चित्र ४००० पिक्सेल रुंद असून द्राक्षाच्या पानाने त्यातील १००० पिक्सेल व्यापले आहेत. सबंध चित्र ८०० पिक्सेलवर आणल्यास पान अवघे २०० पिक्सेलचे उरते. मग केवडा व भुरी यांतील भेद कळणे कठीण होते. सबब प्रथम पानाभोवतीचा निरुपयोगी भाग कातरावा व नंतरच आकार कमी करावा.

एवढ्या कामास विकतच्या सॉफ्टवेअरची आवश्यकता नाही. विंडोज संगणकावरील ‘पेंट’मध्ये या दोन्ही क्रिया होतात. चित्रे पुष्कळ असल्यास ‘इरफानव्ह्यू’ सोयीचे. ते एकाच वेळी अनेक चित्रांचा आकार बदलते. मात्र ते विंडोजसाठीच असून व्यापारी वापरास मोफत नाही. १९९६ साली प्रथम प्रसिद्ध झालेले ‘गिंप’ लिनक्सवरही चालते व व्यापारी वापरासही मोफत आहे. परंतु ते शिकण्यास काही वेळ द्यावा लागतो.

आकार बदलताना रुंदी व उंची यांचे प्रमाण कायम राखावे. बदललेले चित्र निराळ्या नावाने साठवून मूळ चित्र जपून ठेवावे. कातरलेला भाग तज्ज्ञास पुन्हा पाहावा लागल्यास तेच उपयोगी पडते.